दारावरचा कागद

८ सप्टेंबर

निकाल लागला. गायक झोरो दुनाव याला तीन वर्षं कैद, तीही स्थगित. म्हणजे नीट वागला तर तुरुंगाचं दारही बघणार नाही. खून नव्हे, निष्काळजीपणामुळे मृत्यू, असं आम्ही पाच जणांनी ठरवलं: दोन न्यायाधीश आणि गावातून निवडलेले आम्ही तिघे पंच. आत काय बोलणं झालं ते या वहीतही लिहायचं नाही, तशी शपथ आहे. एवढंच लिहिते की मत आधी पंचांनी द्यायचं असतं, मोठ्यांचं दडपण नको म्हणून, आणि अध्यक्ष न्यायाधीश माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमच्यापासून सुरुवात करू. तुम्ही आयुष्यभर गुण देत आलात." त्यांची रीत छान आहे. कॉफीसुद्धा आधी मलाच विचारायचे.

घटना सगळ्या देशाला तोंडपाठ आहे. दोन वर्षांपूर्वी कार्यक्रम आटोपून झोरो नदीकाठच्या बंगल्यावर आला, पार्टी झाली, त्याने पिस्तूल काढलं आणि गोळी झाडली. ती त्याच्या ॲकॉर्डियनवाल्याला, ओग्न्यान रुसेव्हला, मानेत लागली. सरकारी वकील म्हणत होते की ओग्न्यान वाद्यवृंद सोडून चालला होता, त्यावरून भांडण झालं आणि झोरोने नेम धरला. झोरो म्हणत होता की आनंदात हवेत झाडताना हात घसरला. तिथे अकरा माणसं होती आणि भांडण एकानेही ऐकलेलं नाही. अकराही जण झोरोच्या पगारावर होते, हे वकिलांनी तीन-तीनदा ऐकवलं. पण पगार घेणारा माणूस खोटंच बोलतो असं धरायचं, तर मीही जन्मभर सरकारी पगार घेतला आहे.

निकाल ऐकताना झोरो ढसाढसा रडला. राखाडी सूट होता, कॉलर विरलेली. पहिल्या तारखेला गुलाबी शर्ट घालून, केसांना काहीतरी चोपडून आला होता, तेव्हा मला त्याचा रागच आला होता. मग एकेका तारखेला वाळत गेला. नखं कुरतडून बोटांची टोकं लाल झाली. वर्गात असा एखादा असतो, उत्तर येत नसतं आणि नुसता आपल्याकडे बघत बसतो. मी लिपिकाला खूण केली, त्याने त्याला रुमाल दिला. दुसऱ्या बाजूलाही काही गोंधळ झाला. कोणी बाई ओरडली, तिला बाहेर नेलं. मध्ये पोलीस उभा होता, मला नीट दिसलं नाही.

बाहेर ही गर्दी. "विकलात रे, विकलात!" टोमॅटो उडाले. दहा मिनिटांवरचं घर, पण पोलिसांच्या गाडीतून आले.

लोक काय, दोन दिवस ओरडतील. मी दोन्ही बाजू सारख्या पाहिल्या आणि पुराव्यावर मत दिलं. भूगोलाच्या पेपरालाही मी मुलाचं नाव झाकूनच गुण द्यायचे. सगळं गाव याला साक्षी आहे.

९ सप्टेंबर

झोरोची भक्तमंडळी काल संध्याकाळभर गाड्यांचे भोंगे वाजवत नदीकाठाने फिरत होती. नवरदेवाची वरात जणू.

सकाळी खालच्या मजल्यावरची केरा चीजची बनित्सा घेऊन आली. तव्यावरून उतरवल्यासारखी तापलेली होती, बनित्साही आणि केराही.

"टीव्हीवाल्यांनी तुझं नाव चुकवलं. गेनोवेवाचं गेनोवेफा केलं! मेल्यांना नाव सांगता येत नाही आणि न्याय शिकवतात."

"म्हणू दे गं."

"म्हणू दे काय? दुकानात तिघींशी भांडून आलेय मी. म्हटलं, या वेवाने माझ्या ल्युबोला भूगोलात नापास केलंय, आणि मी तिची सख्खी मैत्रीण! रात्री माझ्याकडे जेवून गेली आणि सकाळी नापास केलं. ती कुणाला विकली जाणार?"

"त्याला डॅन्यूब काळ्या समुद्राला मिळते हे सांगता आलं नव्हतं. नदी खिडकीतून दिसते त्याला."

"ते आता काढू नकोस," केरा म्हणाली आणि मला दोन तुकडे वाढले.

अशी एक मैत्रीण असली की माणूस तरतो. पुढच्या आठवड्यात नेहमीप्रमाणे इमारतीमागे कढई चढवून दोघींची ल्युतेनित्सा, वर्षभराची मिरच्यांची चटणी, करायची ठरली. मिरच्या या वर्षी मांसल आहेत.

११ सप्टेंबर

बसथांब्यावर घरच्यांनी चिकटवलेली शोकपत्रकं वाचत बसची वाट बघायची माझी जुनी सवय. कोण गेलं, कितव्या वर्षी, मागे कोण आहे. आज मीच गेले होते.

आम्हा पाचांची छापलीत, काळी चौकट, क्रॉस, सगळं रीतसर. न्यायालयाच्या दारावर खुद्द न्यायाचंही आहे म्हणे. माझ्यावर लिहिलंय: "गेनोवेवा पेत्कोवा, माजी शिक्षिका. यांच्या सदसद्विवेकाचे अल्पशा आजाराने दुःखद निधन. फुलं आणू नयेत, पाकीट आणावं." फोटो शाळेच्या वार्षिकातला. त्यात केस बरे होते. वय मात्र तीन वर्षांनी वाढवलंय.

हात फाडायला पुढे गेला होता, पण मागे घेतला. शोकपत्रक कुणी फाडत नाही. ते उन्हापावसानेच जायचं असतं, आणि हा नियम मी खोट्यालाही लावला. थांब्यावरची बाई माझ्याकडे बघून कागदाकडे बघायची, पुन्हा माझ्याकडे बघायची. मी म्हटलं, "हो, मीच. अजून पुरलेली नाही." ती पुढच्या थांब्यापर्यंत चालत गेली.

विनोद केला खरा, पण बसमधून दोन थांबे पुढे जाऊन उतरले.

१२ सप्टेंबर

दारात केकचा खोका. पाठवणारे झोरोचे चाहते. वर साखरेत त्याचा चेहरा आणि "लोकांच्या न्यायाधीशांना प्रेमपूर्वक".

"फेक," केरा म्हणाली.

"अन्न आहे."

"वेवा, फेक. कुणी पाहिलं तर काय म्हणतील?"

ती गेल्यावर चेहरा सुरीने काढून टाकला आणि उरलेल्यातला एक तुकडा खाल्ला. आत अक्रोड होते. चांगला होता. लिहायला लाज वाटते, पण या वहीत खोटं लिहायचं तर मग लिहायचंच कशाला?

वलेन्सियाहून बिल्यानाचा फोन. इंटरनेटवर तिने माझं शोकपत्रक पाहिलं.

"आई, बॅग भर आणि इकडे निघून ये. महिनाभर तरी."

"म्हणजे पळाले असं होईल."

"मग निदान कुठेतरी तुझी बाजू सांग."

"मला बाजू नाही, बिल्या. बाजू त्यांना होत्या. मी मधे होते."

मग तिने विचारलं, "आई, रक्तदाबाच्या गोळ्या घेतेस ना?"

१५ सप्टेंबर

गोळ्या संपल्या म्हणून औषधाच्या दुकानात गेले. काउंटरवर रुमियाना, माझीच विद्यार्थिनी, नकाशे फार सुबक काढायची. गोळ्या पुढे सरकवल्या, पण हात खोक्यावरच ठेवला.

"बाई, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"हेच माझ्या भावाने केलं असतं, तर त्यालाही घरी सोडलं असतं तुम्ही?"

"पुरावा हाच असता तर निकालही हाच असता. माणूस बघायचा नसतो."

"पण पुरावा हाच कसा असेल, बाई? माझ्या भावाच्या पगारावर अकरा माणसं नाहीत."

मागे रांग होती. मी गोळ्या घेतल्या आणि बाहेर पडले. शाळेत कधी उलट बोलली नव्हती ही मुलगी.

तिच्या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे, असणारच. अध्यक्ष न्यायाधीशांना विचारलं असतं, पण निकालानंतर त्यांचा फोन लागत नाही. तिघा पंचांपैकी स्टोयूही कोंबड्या-बिंबड्या सांगून खेड्यावर निघून गेला आहे. टीव्हीवर तज्ज्ञ सांगत होते की पाचांत तीन मतं पंचांची, म्हणजे निकाल पेन्शनरांनीच लावला. न्यायाधीशांचा कुणी उल्लेखही केला नाही.

१७ सप्टेंबर

आज फार वाईट झालं. क्रमाने लिहिते.

कचरा घेऊन सकाळी खाली उतरले. आमच्या प्रवेशदारावर नवा कागद होता, खळ अजून ओली. ओग्न्यान रुसेव्हचा हसरा फोटो, गळ्यात ॲकॉर्डियन. आख्ख्या गावातली दारं सोडून माझंच दार. बसथांब्यावर मला मारलं, आता याला माझ्या उंबऱ्यावर आणून ठेवलं, की जाता-येता बघ म्हणून! डोकं भणाणलं. किल्लीने कोपरा उचकटला आणि ओढला. अर्धा आला, अर्धा खरवडून काढला, चोळामोळा केला आणि कचऱ्याच्या पिशवीत कोंबला.

मागे केरा उभी होती, काखेत पाव.

"हे काय केलंस तू?"

"बघ ना, दारापर्यंत आले. छळ मांडलाय नुसता!"

"कुणी?"

"ते निषेधवाले. आणखी कोण?"

"वेवा, ते निषेधवाल्यांचं नव्हतं." केरा पाव छातीशी धरून बोलत होती. "ते खरं होतं. एकवीस तारखेला त्याला जाऊन दोन वर्षं होतात. घरच्यांनी लावलंय. संगीत शाळेपासून चौकापर्यंत प्रत्येक दारावर आहे, माझ्या बहिणीच्याही आहे. तू वाचलं तरी होतंस का?"

मी वाचलं नव्हतं. फोटो बघितला आणि हात चालला.

"निकालाचं मी लोकांना समजावत होते," ती म्हणाली. "गेल्या आठवड्यात माझा घसा बसला समजावून. हे मी कसं समजावू? मेलेल्याचा कागद फाडलास तू."

लिफ्ट आली होती. ती माझ्याबरोबर लिफ्टमध्ये चढली नाही, जिन्याने गेली. तिचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट आहेत.

१८ सप्टेंबर

केरा बाल्कनीत एकटीच मिरच्या भाजते आहे. वास वर येतो. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

मी फोन केला. तिने उचलला, पण "बोल"च्या पुढे काही नाही. मी म्हटलं, मला वाटलं मुद्दाम माझ्या दारावर लावलं. ती म्हणाली, "मागच्या वर्षीही याच दारावर होतं. हिवाळ्यात बर्फाने गेलं, तोपर्यंत होतं. तो समोरच्या संगीत शाळेतला, म्हणून ही गल्ली लावतात. तू रोज त्याच्यासमोरूनच न्यायालयात जायचीस." आणि ठेवून दिला.

मला आठवत नाही. डोळे मिटून दार आठवलं: बेलची बटणं, तुटकी काच, लिफ्ट दुरुस्तीची सूचना. तो कागद आठवत नाही. खटला चालू असताना बाहेरचं काही वाचायचं नाही असा मी नियम केला होता, त्यामुळे असेल. नियम चांगलाच होता.

तरी चैन पडत नाही. घरच्यांची माफी मागावी, तर अपील व्हायचं आहे, पंचाने पक्षकारांशी बोलायचं नसतं. केराला कोण सांगणार हे!

२० सप्टेंबर

आज जरा मोकळं वाटतंय.

सकाळी वारा फार होता, नदीकडून येतो तसला. खिडकीतून पाहिलं तर आमच्या दाराशी एक बाई, हातात बादली, ब्रश आणि कागदांची गुंडाळी. कागद लावायला जावं तर वारा हिसकावून घेत होता. मी शाल घेतली आणि उतरले. ठरवूनच उतरले.

"थांबा, मी धरते," म्हटलं. मी वरची टोकं धरली, तिने ब्रश फिरवला. अंगात मोठं पुरुषी जाकीट, बाह्या दोन-दोनदा दुमडलेल्या. हात खळीने पांढरे झालेले, नखांपाशी भेगा. लग्नाची अंगठी बोटात रुतलेली. हातांवरून शेतातली वाटली.

कागद बसला. मी सांगून टाकलं, "आधीचा मी फाडला होता. माझी चूक झाली."

"माहीत आहे," ती म्हणाली.

मी म्हटलं, वर या, हात धुवा, कॉफी घ्या. तिने वर, मजल्यांकडे पाहिलं. मला वाटलं नाही म्हणेल, पण आली.

स्वयंपाकघरात खुर्चीच्या कडेवर बसली, जाकीट काढलं नाही. सगळीकडे बघत होती. कपाटावरच्या फोटोकडे बोट केलं.

"मुलगी?"

"बिल्याना. वलेन्सियाला असते."

"फोन करते?"

"दर रविवारी. मधेही करते."

"बरं आहे," ती म्हणाली. "दर रविवारी. बरं आहे."

ती नुसती कागद लावणारी, पक्षकार नव्हे, तेव्हा तिच्याशी बोलायला हरकत नव्हती. मी विचारलं, "त्याच्या आईला तुम्ही ओळखता?"

"ओळखते."

"कशा आहेत त्या?"

तिने कप बशीवर फिरवला. "सकाळी उठते. कोंबड्यांना दाणे टाकते. मग दिवस असतो पुढे."

"त्यांना माझा एक निरोप सांगाल? सांगा, की मी दोन्ही बाजू सारख्या पाहिल्या. कुणाचा एक पैसा घेतला नाही, कुणाला भ्याले नाही. पुरावा होता तेवढंच धरलं. त्यांना हे कळायला हवं असं मला फार वाटतं."

"सांगते."

"ऐकून घेतील ना?"

"ऐकून घेईल. पुढचं तिचं तिला."

मग तिनेच विचारलं, "बाई, तो झोरो रडला तेव्हा तुम्ही रुमाल दिलात ना?" हे बहुतेक पेपरात आलं असावं.

"मी नाही, लिपिकाने. मी नुसती खूण केली. माणुसकी म्हणून."

"आणि त्याची आई ओरडली, तेव्हा?"

"तेव्हा मध्ये पोलीस होता," मी सांगितलं. "मला दिसलं नाही."

"हं," ती म्हणाली. "पोलीस उंच होता."

कॉफी अर्धी राहिली. दारात मी म्हटलं, उद्या चर्चमध्ये यायची इच्छा आहे, पण नियमात बसत नाही. ती म्हणाली, "नका येऊ." तुटकपणे नाही, नीट समजावल्यासारखं म्हणाली. मग बादली उचलून जिन्याने उतरली, लिफ्ट समोर उभी असताना.

साधी माणसं समजूतदार असतात. निरोप आज ना उद्या पोचेल. मिरच्या आणून ठेवल्यात, उद्या केराकडे जाऊन सांगते की मी कागद लावायला मदत केली. ती विरघळेल.

२१ सप्टेंबर

मी जायच्या आधी केराच वर आली. काळा ड्रेस, चर्चमधून थेट. दारातच मला मिठी मारली. ती रडत होती.

"वेवा, मला वाटलं नव्हतं तुझ्यात एवढी हिंमत असेल. पंचांचा नियम मोडून तू तिला घरात घेतलंस! मी बाल्कनीतून बघत होते. तू कागद धरलास, मग दोघी आत गेलात. मी म्हटलं, आता काही का होईना, माझी मैत्रीण माणूस आहे."

"कुणाला घरात घेतलं?"

"मिन्काला. अगं, आज सगळं चर्च तेच बोलत होतं. मृताच्या नावाने उकडलेला गहू वाटताना मी तिला विचारलंसुद्धा, काय बोलणं झालं म्हणून. ती म्हणाली, बाईंनी निरोप दिलाय. कुणाला, ते काही सांगेना."

"मिन्का कोण?"

केरा हसली, डोळे पुसत पुसत. मी थट्टा करते आहे असं तिला वाटलं. "मिन्का रुसेवा. ओग्न्यानची आई. दीड वर्ष तुझ्यासमोर पहिल्या रांगेत बसत होती ती!"

मी स्टूल ओढून बसले. केराने माझ्यासाठी पाणी ओतलं. तिला वाटलं, मला भरून आलंय. तिने खुर्ची घेतली, कालचीच, आणि माझा हात हातात धरला.

"आज डोक्यावरच्या काळ्या रुमालाआडून मला धड दिसली नाही," ती हलक्या आवाजात म्हणाली. "फार खंगलीय म्हणतात. तू जवळून बघितलंस. सांग ना, चेहरा कसा झालाय तिचा?"

मी आठवायला लागले. ब्रश आठवला, दुमडलेल्या बाह्या, अंगठी. कप फिरवणारी बोटं. त्याच्या वर काही नव्हतं. पहिली रांग आठवली, तर तिथे काळे कपडे होते आणि पोलिसाची पाठ. केरा अजून माझा हात धरून वाट बघत होती.

"मी बघितलं नाही," मी म्हटलं.